बोटावरची शाई कोण बघतं?

इंदूरला नंदलालपुऱ्याच्या मंडीत आमच्या काकू टोक मोडून बघितल्याशिवाय पाव किलोही भेंडी घेत नाहीत. आपल्या वॉर्डाचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, कोण, असं परवा विचारलं तर म्हणाल्या, "असतील कुणीतरी. नळाला पाणी येतंय ना?"

याला अडाणीपणा म्हणू नये. अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ साली या वागण्यामागचं गणित मांडलं. भेंडी जून निघाली तर भुर्दंड काकूंनाच बसतो. मत मात्र लाखांतलं एक. उमेदवारांची माहिती काढण्यात आठवडा घातला तरी त्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य. (२००८ मध्ये राजस्थान विधानसभेला नाथद्वाऱ्यात काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले खरे, पण असं क्वचितच घडतं.) मग घरोघरी हाच हिशेब होतो आणि अख्खं शहर अनभिज्ञ राहतं.

पण हे गणित आमच्या इंदूरातच अडखळलं. २०२४ च्या लोकसभेला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि निकाल जवळपास ठरूनच गेला. मतदान ६९ टक्क्यांवरून ६२ च्या आसपास उतरलं. इथवर डाउन्स बरोबर. तरीही मे महिन्याच्या उन्हात २,१८,६७४ जणांनी 'नोटा'चं बटण दाबलं. काही बदलणार नाही हे ठाऊक असून रांगेत उभं राहणाऱ्याला मी उदासीन म्हणणार नाही. त्याला आपलं म्हणणं नोंदवायचं होतं.

मग घरी बसलेल्यांना बाहेर काढतं कोण? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २००६ साली गर्बर, ग्रीन आणि लॅरिमर या संशोधकांनी मतदारांना पत्रं पाठवली. नुसत्या कर्तव्याची आठवण करून देणाऱ्या पत्राने मतदान जेमतेम दोन टक्क्यांनी वाढलं. दुसऱ्या पत्रात शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी मागे कुणी मत दिलं, कुणी नाही, याची यादीच होती. तिथे २९.७ टक्क्यांचं मतदान ३७.८ वर गेलं! अशी यादी वाटणं मला मुळीच पटत नाही, पण शेजाऱ्याच्या नजरेचं बळ त्यातून कळतं. इंदूरच्या रामबागेत मतदानाच्या संध्याकाळी ओट्यावर बायका एकमेकींची बोटं बघतात, ते हेच बळ. मतदान चुकवलेलीला चहा मिळतो, पण आधी चौकशी होते.

बोटावरच्या शाईची होते तशी माहितीचीही चौकशी झाली तर? काकूंना मी विचारलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी पार्षदांचं नाव आणि फोन नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवला. आता ओट्यावर त्या बाकीच्यांना विचारतात.