कोलॅजन आणि जिलेटिन: एक गुंफलेली वेणी, एक सुटलेली

हाडांच्या ऊती अभियांत्रिकीवरचं, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींपासून हाडाची ऊती घडवण्यावरचं, लेखन वाचताना एक वाक्य सतत आडवं येतं: ‘कोलॅजन महाग पडतं, म्हणून जिलेटिन वापरलं.’ जणू दोन्ही एकच, फरक काय तो किमतीचा. हे वाचून वाचून मी थकलो आहे, कारण या एका वाक्यामुळे लोकांचे महिनेच्या महिने वाया जातात.

जिलेटिन तुमच्या ओळखीचं आहे. कोलॅजनपासून, म्हणजे हाडा-कातड्यातल्या मुख्य प्रथिनापासून होतं, कोमट पाण्यात विरघळतं, गार झालं की थिजतं. अमिनो आम्लांची यादी मांडली तर दोघांत फारसा फरक दिसत नाही, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. यादी तीच असली तरी घडण वेगळी आहे.

कोलॅजनचा रेणू म्हणजे तिपेडी वेणी. प्रत्येकी सुमारे 1,000 अमिनो आम्लांचे तीन पेड, लांबी सुमारे 300 नॅनोमीटर, जाडी जेमतेम 1.5. दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सगळ्यात लहान अमिनो आम्ल, कारण वेणीच्या गाभ्यातल्या चिंचोळ्या जागेत तेवढंच मावतं. आम्ल किंवा अल्कली आणि उष्णता देऊन ही वेणी सोडवली की लहानमोठे सुटे पेड उरतात. तेच जिलेटिन.

आता खरी मेख. कोलॅजनचं द्रावण आम्लात, बर्फावर ठेवतात. त्याचा सामू सातच्या आसपास आणून बशी 37 अंशांच्या इनक्यूबेटरमध्ये ठेवली की काही वेळात नितळ द्रव दुधाळ होतो. वेण्या शेजारी शेजारी लागून तंतू तयार झाले आणि त्यांनी प्रकाश विखुरला, म्हणून हा दुधाळपणा. म्हणजे कोलॅजन ऊब मिळाली की जेल होतं. जिलेटिनचं नेमकं उलट! गार होताना त्याचे पेड जागोजागी थोडेसे पुन्हा गुंफले जातात आणि तेवढ्याच गाठींवर जेल उभं राहतं. 30 ते 35 अंशांच्या दरम्यान त्या गाठी सुटतात. फ्रिजमधून काढलेली सुंदर, पारदर्शक चकती पेशींसकट इनक्यूबेटरमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी स्कॅफोल्ड, म्हणजे पेशींचा आधार-सांगाडा, विरघळलेलं आणि पेशी बशीच्या तळाशी. शरीराच्या तापमानाला टिकायचं तर जिलेटिनला रासायनिक क्रॉसलिंकिंग, म्हणजे पेड एकमेकांना पक्के बांधणं, हवंच. त्यात पर्याय नाही.

पेशींनाही हा फरक कळतो. अल्फा-2 बीटा-1 हे इंटेग्रिन, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं पकडीचं प्रथिन, कोलॅजनला धरतं ते वेणीच्या आकारावरून. वेणी सुटली की ती पकड गेली. उलट आर-जी-डी हा पेशींना चिकटायला लागणारा, तीन अमिनो आम्लांचा प्रसिद्ध क्रम वेणीत बराचसा दडलेला असतो आणि जिलेटिनमध्ये उघडा पडतो. त्यामुळे पेशी दोन्हींवर चिकटतात, पण वेगवेगळ्या हातांनी. ‘पेशी चिकटल्या, म्हणजे दोन्ही सारखीच’ हा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही.

हाडासाठी तर तंतूंची रचना फार मोलाची. कोलॅजनच्या तंतूत दर 67 नॅनोमीटरला एक आवर्तन असतं आणि त्यात सुमारे 40 नॅनोमीटरची फट. हाडातलं खनिज आत शिरून स्फटिक धरतं ते या फटींपाशी. जिलेटिनवरही कॅल्शियम फॉस्फेट बसतं, पण ही फटींची मांडणी त्यात नसते. तिथे दिसणाऱ्या पांढऱ्या थराला थेट ‘हाडासारखं खनिजीकरण’ म्हणणं घाईचं आहे.

मजबुतीचा वाद मी घालत नाही. नुसती दोन्ही जेलं मऊ आहेत, भार पेलायला हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटसारख्या हाडातल्या खनिजाची भर लागतेच.

जिलेटिनला मी कमी लेखत नाही. आम्लाने काढलेल्या आणि अल्कलीने काढलेल्या जिलेटिनवरचा विद्युतभार वेगळा असतो, त्यामुळे कोणतं वाढ-प्रथिन किती घट्ट धरून ठेवायचं हे निवडता येतं. ही सोय उत्तम आहे. थ्रीडी प्रिंटिंगसाठी जेलमा, म्हणजे प्रकाशाने पक्कं होणारं मेथॅक्रिलेटेड जिलेटिन, ही माझी पहिली पसंती. पण त्याला ‘कोलॅजन हायड्रोजेल’ म्हणू नका. प्रकाशाने पेड एकमेकांना बांधले जातात, वेणी परत येत नाही.

कोलॅजन विकत आणूनही ते वाटेत जिलेटिन होऊ शकतं. फ्लोरिनयुक्त अल्कोहोलात विरघळवून इलेक्ट्रोस्पिनिंग केलं, म्हणजे विद्युतदाबाने बारीक तंतू ओढले, की वेणी बरीचशी सुटते, आणि लेखात मात्र ‘कोलॅजनचे नॅनोतंतू’ छापलं जातं. शंका असेल तर नमुना 37 अंशांच्या खाली, सौम्य द्रावणात वर्तुळाकार द्विवर्णतेच्या, म्हणजे ध्रुवित प्रकाशाच्या शोषणावरून रेणूची घडण ओळखणाऱ्या, यंत्रात लावून पाहा. शाबूत वेणीचं धन शिखर 221 नॅनोमीटरच्या आसपास ठळक उठतं. ते आलं नाही, तर बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, वहीत ‘जिलेटिन’ लिहा.