तोडीआधीचं डोकं, बिलानंतरचं डोकं

चिकोडी तालुक्यातल्या आमच्या ऊस पिकवणाऱ्या गावात श्रावण-भाद्रपदात एक वाक्य हमखास कानावर पडतं, "शहाणं माणूस असं करतंय होय?" कुणीतरी घरातल्या पाटल्या गहाण टाकून चढ्या व्याजानं पैसे उचललेले असतात. आठवडाभर आधी कागदपत्रं घेऊन सोसायटीत गेला असता तर स्वस्तात भागलं असतं, हे साऱ्या गावाला दिसतं. माझ्या काकांबद्दलही असंच बोललं गेलं, आणि तेव्हा मलाही ते पटलं होतं.

या बोलण्यामागे अर्थशास्त्रातलं एक जुनं गृहीतक आहे. माणूस सगळे पर्याय तोलतो, फायद्याचा निवडतो. निवड त्याची, म्हणून दोषही त्याचाच. हर्बर्ट सायमन यांनी 1950च्या दशकात याला धक्का दिला. माहिती अपुरी, वेळ थोडा, डोक्याची झेपही ठरावीक. त्यामुळे माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा बरा सापडला की थांबतो. 1978 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण ही झेप एकाच माणसात कमी-जास्त होते का? 2013 साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला एक अभ्यास मला म्हणूनच फार जवळचा वाटतो. तो चक्क ऊस उत्पादकांवरचा आहे, तमिळनाडूतल्या 464 शेतकऱ्यांवरचा. त्याच माणसांची तोडीआधी आणि तोडीनंतर बुद्धीची चाचणी घेतली. आकृत्यांमधला तुटलेला दुवा ओळखायचा, किंवा '5 5 5' दाखवल्यावर 'पाच' न म्हणता आकडे किती आहेत ते, म्हणजे 'तीन', सांगायचं. तोडीनंतर, हातात पैसा असताना, तेच लोक सरस ठरले. तोडीआधी 78 टक्के लोकांनी काहीतरी गहाण टाकलेलं होतं, नंतर फक्त 4 टक्क्यांनी. हा ऋतूचा परिणाम म्हणावा, तर तसंही नाही; तोडीची तारीख साखर कारखाना ठरवतो. एकाच महिन्यात कुणाचा ऊस गेलेला असतो, कुणाचा उभा असतो. आपल्याकडे ऊसतोड मजुरांच्या टोळीची वाट पाहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

संशोधकांचं म्हणणं असं की टंचाई डोक्यात जागा अडवून बसते. हा वाद मिटलेला नाही. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर अशीच चाचणी घेतली, तेव्हा बुद्धीच्या कामात फरक आढळला नाही. पण महिन्याच्या पगाराची वाट पाहणं आणि वर्षभर उसाच्या बिलाची, म्हणजे कारखान्याकडून येणाऱ्या पैशांची, वाट पाहणं एकसारखं नाही, असं मला ठामपणे वाटतं.

मग काकांनी जे केलं त्याला त्यांची इच्छा म्हणायचं की नाही? त्यांनी पैसे उचलले ते भांगलणीच्या बायकांची मजुरी द्यायला. शनिवारी देतो, असा शब्द दिला होता. अमर्त्य सेन यांनी 1977 मधल्या एका निबंधात एक फरक मांडला: दुसऱ्याचं दुःख पाहून आपल्याला त्रास होतो म्हणून मदत करणं वेगळं, आणि स्वतःचं नुकसान सोसून बांधिलकी पाळणं वेगळं. केवळ स्वतःचा फायदा पाहणाऱ्या माणसाला सेन विवेकी मूर्ख म्हणतात. काकांनी शब्द पाळला, ती निवड पूर्णपणे त्यांची होती आणि तिचं श्रेय त्यांचंच. स्वस्त कर्ज शोधायचं राहून गेलं, त्याचा सगळा दोष मात्र मी त्यांच्या माथी मारणार नाही.

कारण त्या टंचाईची लांबी काकांच्या हातात नसते. 1966च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के दरानं व्याज. त्या वर्षी काकांचं बिल गुढीपाडवा उलटला तरी जमा झालं नव्हतं, आणि पाटल्यांचं व्याज महिन्याच्या महिन्याला चढत होतं. त्या वेळी 'शहाणं माणूस असं करतंय होय?' हे कारखान्याबद्दल गावात कुणी विचारलं नाही.