रुग्णालयातील बालकांची ऊर्जागरज

रुग्णालयात दाखल असलेल्या बालकाला दिवसाला किती ऊर्जा लागेल, हे सूत्राने किंवा उपकरणाने ठरवण्याची पद्धत. आहार तोंडाने घ्यायचा असो, नाकातून जठरात सोडलेल्या नळीने द्यायचा असो की शिरेवाटे, त्याचे प्रमाण याच आकड्यावरून ठरते. एकक किलोकॅलरी, १ किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल.

आकडा दोन्ही बाजूंनी चुकतो. कमी पडला तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ऊर्जा मिळवते आणि जखमा भरायला वेळ लागतो. जास्त झाला तर रक्तातील साखर चढते, यकृतात चरबी साठते, आणि वाढलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकताना दमछाक झाल्याने व्हेंटिलेटर सुटायला उशीर होतो. आजाऱ्याच्या पोटात चार घास जास्तच जावेत, या सहज भावनेमुळे दुसरी चूक बराच काळ चूक वाटतच नव्हती.

निरोगी मुलाची ऊर्जा चार कामांना लागते : विश्रांतीतही चालणारे मूलभूत चयापचय, अन्नाचे पचन, हालचाल आणि वाढ. पहिल्या तीन महिन्यांत एकूण गरजेपैकी सुमारे ३५ टक्के वाटा वाढीचा असतो. वर्षाच्या बाळात तो ५ टक्क्यांच्या आसपास उतरतो. गंभीर आजारात हा हिशेब बदलतो. मूल अंथरुणाला खिळते आणि दाहाच्या काळात शरीर वाढ थांबवून ठेवते. गुंगीच्या औषधांनी स्नायू सैल पडतात. श्वास घेण्याचे कष्टही यंत्र उचलते. उलट बाजूला ताप असतो. तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की चयापचय साधारण दहा टक्क्यांनी वाढते. तरीही अतिदक्षता विभागातल्या अनेक बालकांची प्रत्यक्ष गरज त्याच वयाच्या खेळत्या मुलापेक्षा बरीच कमी भरते.

सूत्रांपैकी डब्ल्यू. एन. स्कोफील्ड यांची १९८५ मधील समीकरणे सर्वाधिक वापरात आहेत. ती वय, लिंग आणि वजनावरून विश्रांतीतला खर्च सांगतात. तीन वर्षांखालील मुलग्यासाठी समीकरण असे : ५९.५ × वजन (किलोग्रॅम) − ३०.४. म्हणजे १० किलोच्या मुलग्याला सुमारे ५६५ किलोकॅलरी. याच मुलाला हॉलिडे आणि सेगर यांचा १९५७ चा नियम लावला (पहिल्या दहा किलोंना प्रत्येकी १००, पुढच्या दहांना ५० आणि त्यावरच्या प्रत्येक किलोला २० किलोकॅलरी), तर उत्तर येते १०००. खाट तीच, मूल तेच, आकडा जवळजवळ दुप्पट. यात गूढ काही नाही. हॉलिडे-सेगर यांना सलाईनमधून किती पाणी द्यावे हे ठरवायचे होते; दर १०० किलोकॅलरीमागे १०० मिलिलिटर पाणी, असा तो हिशेब होता. पाठ करायला सोपा म्हणून तो आहारातही शिरला. १९१९ चे हॅरिस-बेनेडिक्ट सूत्र प्रामुख्याने प्रौढांचे. बालकांना ते लावू नये.

सूत्राच्या उत्तराला आजाराप्रमाणे १.२, १.५ अशा ‘ताण गुणकां’नी गुणण्याची प्रथा होती. हे गुणक आले प्रौढांच्या अनुभवातून. शस्त्रक्रियेनंतर किंवा जंतुसंसर्गात प्रत्येक बालकाचे चयापचय ठरावीक पटीने भडकते, असे मोजमापांत दिसत नाही. अमेरिकेतील दोन वैद्यकीय संघटनांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच सांगतात की मोजता येत नसेल तर स्कोफील्ड किंवा जागतिक आरोग्य संघटनेचे समीकरण वापरावे, पण गुणक न लावता. मोठ्या भाजण्यात मात्र चयापचय खरोखरच खूप वाढते आणि महिनोन्‌महिने वाढलेले राहते. तिथे भाजलेल्या त्वचेचे क्षेत्रफळ धरणारी वेगळी सूत्रे आहेत.

अंदाजाऐवजी मोजमाप हवे असेल तर अप्रत्यक्ष उष्मांकमापन करतात. बालकाने घेतलेला ऑक्सिजन आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड उपकरण मोजते. १९४९ च्या वीअर समीकरणाने त्यावरून ऊर्जाखर्च निघतो. दोन्ही वायू मिनिटाला मिलिलिटरमध्ये मोजले, तर ऑक्सिजन × ३.९४ अधिक कार्बन डायऑक्साइड × १.११, या बेरजेला १.४४ ने गुणले की दिवसाच्या किलोकॅलरी मिळतात. कार्बन डायऑक्साइडला ऑक्सिजनने भागले की मिळतो श्वसनगुणांक. तो चरबी जळताना ०.७ आणि कर्बोदके जळताना १ असतो. १ च्या वर गेला तर आहार जास्त होत असल्याचा संशय घेतात. श्वासनलिकेतील नळीभोवती हवा गळत असेल किंवा दिल्या जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन ६० टक्क्यांहून अधिक असेल, तर मापन भरवशाचे राहत नाही. म्हणजे सर्वांत आजारी मुलांतच उपकरण बहुधा हात टेकते.

समीकरण कोणतेही घ्या, त्यात वजन भरावेच लागते आणि गफलत बहुतेक वेळा तिथेच होते. सूज असलेल्या मुलाच्या वजनात पाणी मोजले जाते, जुलाबाने सुकलेल्या मुलाचे वजन खोटे कमी दिसते. म्हणून दाखल होतानाचे वजन, लांबी आणि दंडाचा घेर एकत्र पाहतात. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) झालेल्या, चालू न शकणाऱ्या मुलांत वजन सोडून उंचीवरून हिशेब करण्याची रीत आहे : दर सेंटिमीटरला सुमारे ११ किलोकॅलरी.

गरज टप्प्याटप्प्याने बदलते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे तीव्र कुपोषण. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत सुरुवातीला एफ-७५ हा दुधाचा आहार दर किलोला १३० मिलिलिटर देतात, म्हणजे दिवसाला दर किलोमागे जेमतेम १०० किलोकॅलरी. फार सूज असेल तर त्याहूनही कमी. उपाशी शरीरावर एकदम अन्नाचा मारा केला की फॉस्फेट आणि पोटॅशियम रक्तातून पेशींत ओढले जातात आणि हृदयाची लय बिघडू शकते. मूल स्थिरावले, भूक परतली, की एफ-१०० हा जास्त ऊर्जेचा दुधाचा आहार सुरू करून दिवसाला दर किलोमागे १५० ते २२० किलोकॅलरींपर्यंत जातात. अतिदक्षता विभागातही चढ असाच हळू चढायचा असतो : पहिल्या आठवड्याच्या अखेरीस ठरवलेल्या ऊर्जेच्या किमान दोन तृतीयांश भाग पोहोचावा, असे वरील २०१७ च्या सूचना म्हणतात. बेल्जियम, नेदरलँड्स आणि कॅनडातील १४४० बालकांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शिरेवाटे पोषण आठवडाभर उशिरा सुरू केलेल्या गटात नवे संसर्ग कमी झाले आणि मुले विभागातून लवकर बाहेर पडली.

कागदावरची ऊर्जा आणि पोटात गेलेली ऊर्जा यांत अंतर असते. शस्त्रक्रिया, तपासणी, उलटी, नळी निसटणे, अशा कारणांनी आहार तासन्‌तास बंद राहतो. दुसरीकडे काही ऊर्जा न मोजता जाते : सलाईनमधल्या डेक्स्ट्रोज या साखरेच्या दर ग्रॅमला ३.४ किलोकॅलरी, प्रोपोफॉल या गुंगीच्या औषधाच्या दर मिलिलिटरला १.१. दिवसाची बेरीज करताना आहाराच्या तक्त्याबरोबर औषधांचा तक्ताही हाताशी असावा लागतो.