चाळ कधी फोडायची?

उन्हाळ कांदा निघाला की नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, चांदवड, येवल्याकडचे शेतकरी तो चाळीत, म्हणजे हवा खेळती ठेवणाऱ्या साठवणीच्या शेडमध्ये भरतात. मग पुढचे चार-पाच महिने घरात एकच विषय: चाळ कधी फोडायची, म्हणजे कांदा विकायला कधी काढायचा? थांबलं तर लासलगावला भाव वाढेलही, पण तोवर वजन घटतं, सड लागते, कोंब येतात. हा निर्णय कसा होतो हे शोधायला आपण सहसा प्रश्नावली छापतो. भाव, कर्ज, हवामान यांपैकी योग्य त्यावर खूण करा! पण हे पर्याय आपणच लिहिलेले असतात. आपल्याला जे सुचलंच नाही, ते उत्तरांत येणार कुठून?

बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडलेली ‘ग्राउंडेड थिअरी’, म्हणजे सिद्धांत आधी न ठरवता गोळा केलेल्या माहितीतूनच तो बांधण्याची संशोधनपद्धत, इथे उपयोगी पडते. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांशी कोण कसं वागतं, हे ते पाहत होते. काहींना आपली अवस्था माहीतच नसते, काहींना संशय असतो, काही ठिकाणी दोन्ही बाजूंना ठाऊक असूनही कुणी बोलत नाही, तर काही ठिकाणी सगळं उघड असतं. ही मांडणी त्यांनी आधी ठरवून नेली नव्हती, नोंदींमधून ती वर आली.

आता समजा, आपण विंचूरजवळच्या एका गावात मुलाखती सुरू केल्या. एक जण म्हणतो, पोरीचं लग्न निघालं म्हणून फोडली. दुसरा म्हणतो, खतवाल्याची उधारी होती. तिसरा, भाऊ सातपूरला कंपनीत आहे, त्याच्या पगारावर घर चालतं, म्हणून थांबलो. प्रत्येक ओळीला छोटं नाव द्यायचं: ‘लग्नासाठी पैसा मोकळा करणे’, ‘उधारी फेडणे’, ‘पगाराच्या आधारानं थांबणे’. याला कोडिंग म्हणतात. मग ही नावं एकमेकांशेजारी ठेवून सतत ताडून पाहायची. तिघांनीही बाजारभावाचं नाव काढलेलं नाही. तिघेही घराच्या थांबण्याच्या ताकदीबद्दल बोलताहेत. ही कल्पना मनात आली त्याच दिवशी टिपण लिहून ठेवायचं, कारण पुढचा सिद्धांत अशा टिपणांतूनच बांधला जातो.

या पद्धतीचा खरा कस मला पुढच्या पायरीत दिसतो. यानंतर कुणाला भेटायचं, हे आधीची यादी ठरवत नाही, हाती आलेली कल्पना ठरवते. थांबण्याची ताकद महत्त्वाची वाटते ना? मग कर्ज नसूनही लवकर विकणारा शोधा. चाळच नसलेला, शेतातूनच ट्रॅक्टर भरणारा शोधा. घरखर्च सांभाळणाऱ्या बाईंना स्वतंत्र भेटा. ऑगस्ट २०२३ मध्ये उन्हाळ कांदा चाळींत असताना केंद्रानं निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. तो अनुभव घेतलेला शेतकरी कदाचित सांगेल की ताकद आहे, पण भरवसा उरला नाही. मग ‘भरवसा’ ही नवी कल्पना घेऊन जुन्या मुलाखती पुन्हा वाचायच्या. नव्या भेटींतून कल्पनेत काहीच भर पडेनाशी झाली, म्हणजे संपृक्तता आली, की थांबायचं. त्यासाठी माणसांचा ठरावीक आकडा नाही.

म्हणूनच काही प्रबंध वाचून वाईट वाटतं. सगळ्या मुलाखती आधी उरकतात, नंतर चार मथळे पाडतात आणि वर ग्राउंडेड थिअरीचं नाव देतात. गोळा करणं आणि विचार करणं हातात हात घालून चाललं नाही, तर ही पद्धत उरतच नाही.

तिच्या जनकांमध्येही पुढे मतभेद झाले. स्ट्रॉस यांनी ज्युलिएट कॉर्बिन यांच्यासोबत १९९० मध्ये कोडिंगच्या नेमक्या पायऱ्या आखल्या. यात माहितीवर जबरदस्ती होते, असा आक्षेप ग्लेझर यांनी १९९२ मध्ये घेतला. कॅथी शार्माझ यांनी वेगळाच मुद्दा मांडला: सिद्धांत नुसता सापडत नाही, संशोधक आणि बोलणारी माणसं मिळून तो घडवतात. मला हे पटतं. कांदा उत्पादकाच्या घरात वाढलेली संशोधक आणि नाशिक शहरातला संशोधक यांना एकाच चाळीपाशी वेगळं ऐकू येणार, आणि टिपणांत दोघांनी तेही लिहायला हवं.

कांद्यावरून आलेली कल्पना दिंडोरीच्या द्राक्षबागेतही ताडून पाहता येईल. तिथे ताजा माल घरी महिनोन्महिने ठेवता येत नाही. मग थांबण्याची ताकद म्हणजे काय? व्यापाऱ्याशी सौदा लांबवणं, की बेदाणा करणं? पुढची मुलाखत तिथे घ्यायची.