खडबडीत ट्रॅकवर जुनी गाडी? मग कडक स्प्रिंगचा नाद सोडा

जुनी स्पोर्ट्स कार ट्रॅकवर न्यायची म्हटलं की बहुतेकांचा पहिला खर्च ठरलेलाच, कडक स्प्रिंग टाकायच्या आणि गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली घ्यायची. गुळगुळीत ट्रॅकवर हे चालून जातं, पण फ्लोरिडातल्या सेब्रिंगसारख्या ट्रॅकवर हाच सेटअप गाडीला स्लो करतो. सेब्रिंग मूळचा दुसऱ्या महायुद्धातला लष्करी विमानतळ, १९५२ ला तिथे पहिली १२ तासांची रेस झाली, आणि ट्रॅकचा काही भाग अजूनही जुन्या काँक्रीटवरून जातो, म्हणजे सांधा आला की दणका.

आता यातलं फिजिक्स. टायरवर जितका भार जास्त तितकी पकड जास्त, हे खरं, पण भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, जरा कमीच वाढते. त्यामुळे खड्ड्यांवरून जाताना भार सारखा वरखाली व्हायला लागला की वाढताना जे मिळतं त्यापेक्षा कमी होताना जास्त जातं, आणि चाक हवेत गेलं तर विषयच संपला. मऊ स्प्रिंग हा चढउतार कमी करते, कम्फर्टसाठी नाही, पकडीसाठी.

एक हिशोब बघा. समजा एका चाकावर बॉडीचं २५० किलो वजन आहे आणि चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला ४० न्यूटन, तर बॉडी सेकंदाला साधारण २ वेळा झुलते. कडकपणा दुप्पट केला तर ४ नाही, २.८ वेळा, कारण इथे वर्गमूळ येतं. आणि स्प्रिंगवर छापलेला आकडा चाकापाशी तसाच मिळत नाही बरं का, चाक १० मिलिमीटर हललं आणि स्प्रिंग ७ च दबली तर उरतो जेमतेम निम्मा, कारण इथे ०.७ चा वर्ग लागतो.

खरी गंमत शॉकॲब्सॉर्बरमध्ये आहे. रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडताना शॉक करतो तो विरोध, फार घट्ट ठेवला तर चाक पूर्ण खाली यायच्या आतच पुढचा दणका येतो, मग गाडी प्रत्येक दणक्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनची हालचाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर, आदळते, आणि ड्रायव्हरला वाटतं स्प्रिंग मऊ पडली! म्हणून अजून कडक टाकतो, आणि प्रॉब्लेम तिथेच.

वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेला अँटी-रोल बार जाड टाकला तर त्याचंही तसंच, तो डावं-उजवं चाक जोडतो, एका चाकाला धक्का बसला की दुसऱ्यालाही ओढतो.

पण माझं मत विचाराल तर जुन्या गाडीत यातलं काहीही करायच्या आधी रबर बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांमधले रबरी तुकडे, बदला. रबर म्हातारं होऊन चिरलं असेल तर ब्रेक मारताना चाकाची अलाइनमेंटच हलते, मग वर कितीही महागडा शॉक लावा, काय उपयोग? सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलंय तिथली घाण साफ करून टॉर्चने वेल्डिंगच्या कडा बघा, दणके खाऊन खाऊन पत्र्याला बारीक तडे जातात. नट-बोल्टवर पेंटची रेघ मारून ठेवा, सैल झाला की रेघ तुटलेली दिसते.

गाडीची उंची ठरवायला स्वस्तातला उपाय म्हणजे शॉकच्या दांड्यावर एक प्लास्टिकची केबल टाय. काही लॅप मारून या आणि ती कुठवर सरकलीय बघा, बंप स्टॉपमध्ये खोल घुसली असेल तर आधी रिबाउंड थोडा सैल करा, तरी घुसत असेल तर गाडी ५ मिलिमीटर वर घ्या, आणि स्प्रिंगला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी.