एकच गोळी, दोन नावं

कोकणात पावसाळ्याची बेगमी करताना गोळ्यांचा डबाही भरून ठेवावा लागतो. दरड आली, साकव पाण्याखाली गेला की तालुक्याचं मेडिकल लांब पडतं. या डब्यातल्या निम्म्या गोळ्या मुंबईच्या असतात. डॉक्टर तिथला, खरेदी तिथली, आणि पुडकं येतं चाकरमान्याच्या बॅगेतून. बाकीच्या गोळ्या गावातल्या.

गुहागरकडच्या आमच्या एका काकूंच्या डब्यात रक्तदाबाच्या दोन पट्ट्या होत्या. मुंबईहून आलेल्या पट्टीवर कंपनीने दिलेलं नाव, जनऔषधी या सरकारी योजनेच्या दुकानातल्या पट्टीवर नुसतं औषधाचं मूळ नाव, ‘अ‍ॅम्लोडिपिन’. दोन्ही ५ मिलिग्रॅमच्या. मुंबईची पट्टी कात्रीने अर्धी कापलेली होती, त्यामुळे मूळ औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख पलीकडच्या तुकड्यावर राहिली. काकू एक गोळी सकाळी घेत, दुसरी रात्री. दोन्ही पावलं सुजली तेव्हा उलगडा झाला: दोन्हींत औषध एकच होतं, डोस दुप्पट जात होता.

औषध ब्रँडच्या नावाने द्यावं की मूळ नावाने, हा वाद पैशांचा म्हणून मांडला जातो. आमच्याकडे तो आधी जिवाचा आहे.

१९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचं, म्हणजे खुद्द औषधावरचं, पेटंट काढून फक्त बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. त्यातून देशी कारखाने वाढले, औषधं स्वस्त झाली आणि एकाच औषधाला डझनावारी नावं मिळाली. केंद्राने नेमलेल्या समितीने १९७५ साली ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने बंद करा असं सुचवलं होतं. पुढे पाच औषधांपुरता तसा प्रयत्न झाला, तो कोर्टात अडकला. २००५पासून रेणूवरचं पेटंट परत आलं, पण रोजच्या रक्तदाब-मधुमेहाच्या बहुतेक जुन्या गोळ्यांना त्याने फरक पडला नाही.

खरा गुंता ‘जेनेरिक’ या शब्दाचा. पेटंट संपलेलं औषध मूळ कंपनीखेरीज कुणीही बनवलं की ते जेनेरिक. म्हणजे काकूंची मुंबईची गोळीही बहुधा जेनेरिकच, फक्त नाव लावलेली. याहून फसवा आणखी एक प्रकार आहे. नाव लावलेलं, पण डॉक्टरांकडे प्रचार न करता थेट दुकानदाराला विकलेलं औषध. त्याची छापील किंमत आणि दुकानदाराची खरेदी यांत मोठी तफावत असते. त्यातली सूट किती द्यायची हे दुकानदार ठरवतो, आणि गिऱ्हाईक यालाच जेनेरिक म्हणतं. २००८च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या जनऔषधीत मात्र औषध मूळ नावानेच मिळतं.

ऑगस्ट २०२३मध्ये डॉक्टरांनी मूळ नावानेच चिठ्ठी लिहावी असा नियम आला आणि तीन आठवड्यांत स्थगित झाला. डॉक्टरांचा आक्षेप दर्जाचा होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. शरीरात औषध मूळ कंपनीच्या गोळीइतकंच उतरतं का, ही चाचणी ठरावीक गटांतल्या, पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांना सक्तीची झाली ती २०१७ साली. पण दर्जा तपासणं हे सरकारचं काम आहे. ते अपुरं पडतं म्हणून पेशंटला औषधाचं खरं नाव कळू नये, हे मला पटत नाही. २०१८पासून पट्टीवर मूळ नाव ब्रँडपेक्षा दोन आकार मोठं छापायचं असतं, पण इंग्रजीत. काकू मराठी चौथी शिकलेल्या.

आणि नियम स्थगित होण्याआधीपासून एक जुना नियम आहेच. चिठ्ठीवर लागणाऱ्या औषधांच्या बाबतीत फार्मासिस्टने लिहिलेल्याच्या जागी दुसरी कंपनी द्यायची नाही, आतलं औषध तेच असलं तरी. काकूंच्या सुनेने गावच्या मेडिकलात मुंबईची चिठ्ठी दाखवून स्वस्तातली गोळी मागितली तेव्हा फार्मासिस्टने हेच सांगितलं आणि डॉक्टरांकडून बदलून आणायला सांगितलं. डॉक्टर दादरला.