ड्रायव्हर बॅकपोर्ट

लिनक्सच्या नव्या कर्नेलसाठी (प्रणालीच्या गाभ्यासाठी) लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे एखादे उपकरण चालवणारा कोड, जुन्या कर्नेलवर चालता करणे म्हणजे तो बॅकपोर्ट करणे. सर्व्हरवरचा कर्नेल सहजासहजी बदलता येत नाही, पण नवे वायफाय किंवा नेटवर्क कार्ड मात्र बसवायचे असते, तेव्हा हे काम निघते. उदाहरणार्थ, रेड हॅट कंपनीची एंटरप्राइज लिनक्स ७ ही आवृत्ती २०१४ साली ३.१० कर्नेल घेऊन आली आणि शेवटपर्यंत त्याच क्रमांकावर राहिली.

अडचणीचे मूळ लिनक्सच्या धोरणात आहे. बाहेरच्या प्रोग्रॅमना दिलेला शब्द लिनक्स पाळतो, पण कर्नेलच्या आतली फंक्शने केव्हाही बदलू शकतात. उदाहरणार्थ, ठरावीक वेळाने काम करवून घेणारा टायमर लावायला पूर्वी सेटअप_टायमर या फंक्शनला एक आकडा द्यायचा आणि वेळ झाली की तोच आकडा कॉलबॅकच्या, म्हणजे तेव्हा चालणाऱ्या फंक्शनच्या, हाती यायचा. ४.१५ कर्नेलमध्ये ते गेले. आता टायमर_सेटअप वापरायचे आणि कॉलबॅकला थेट टायमरचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) मिळतो. या नव्या पद्धतीने लिहिलेला ड्रायव्हर ३.१० वर कंपाइल करायला घेतला की पहिल्याच फटक्यात अडतो.

सोपा वाटणारा उपाय म्हणजे जागोजागी आवृत्ती तपासून दोन-दोन कोड लिहिणे. तो लवकरच गळ्याशी येतो. शिवाय रेड हॅट नव्या कर्नेलमधले बदल ३.१० मध्येच आणून बसवते, त्यामुळे नुसत्या क्रमांकावर विसंबता येत नाही. रेड हॅटची स्वतःची आवृत्तीही तपासावी लागते.

लुईस रॉड्रिगेझ यांच्या पुढाकाराने वाढलेल्या बॅकपोर्ट्स प्रकल्पाची वाट यापेक्षा कितीतरी चांगली आहे. वायफायपुरता असताना त्याचे नाव कॉम्पॅट-वायरलेस होते. इथे ड्रायव्हरला शक्यतो हात लावत नाहीत. हेडर म्हणजे फंक्शनांची ओळख देणारी फाइल. मूळ हेडरच्याच नावाची फाइल कंपायलरच्या शोधवाटेत पुढे ठेवतात. ती आधी मूळ हेडर ओढून घेते आणि मग जुन्या कर्नेलमध्ये नसलेली फंक्शने पुरवते. एवढ्याने भागत नाही तिथे कॉक्सिनेल हे कोड आपोआप बदलणारे साधन वापरतात. जुलिया लॉल आणि सहकाऱ्यांनी ते घडवले. बदलाचा नियम एकदा लिहिला की तो सगळ्या फाइलींना लावता येतो. राउटरसाठीची ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्स प्रणाली आपले वायफाय ड्रायव्हर याच प्रकल्पातून घेते.

मेमरी व्यवस्थापनासारख्या गाभ्यात झालेले बदल मात्र असे बाहेरून पुरवता येत नाहीत. बसवतानाही एक पथ्य आहे: वायफायचे सामाईक काम करणारी सीएफजी८०२११ आणि मॅक८०२११, तसेच ड्रायव्हर, ही तिन्ही मॉड्यूल (कर्नेलमध्ये लोड होणारे भाग) एकाच संचातली हवीत. एखादे जुने लोड झालेले राहिले, तर नवे मॉड्यूल चढत नाही आणि सिंबल (फंक्शनांची नावे) जुळत नसल्याची तक्रार डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नेलच्या संदेशनोंदीत, उमटते.